बापाचा गुन्हा, मुलाची साक्ष: आधी ग्रीक वाचावं की चिनी?

तत्त्वज्ञान वाचायला घेताना आधी ग्रीक घ्यावं की चिनी, हा प्रश्न अनेकांना पडतो. दोन्हीकडची मोठी नावं तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून सनावळ्या सोडून देतो. सुरुवात कुठून करायची एवढंच ठरवायचं असेल, तर एकच विषय दोन्हीकडे वाचून बघा: बापाने गुन्हा केला, तर मुलाने काय करावं?

प्लेटोच्या संवादातला युथिफ्रो स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय. नाक्सोस बेटावरच्या त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाचा जीव घेतला. बापाने मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता काय करायचं हे विचारायला अथेन्सला माणूस धाडला. तो परत येईपर्यंत मजूर भुकेने, थंडीने मेला. एवढं प्रकरण समोर असताना सॉक्रेटिस विचारतो, धर्माचरण म्हणजे नेमकं काय? मग व्याख्या, तिचं खंडन, नवी व्याख्या. मजूर उदाहरणापुरता उरतो आणि शेवटी युथिफ्रो घाईचं निमित्त सांगून सटकतो. खटला भरावा की नाही, ते राहिलंच! मला हे इतकं खटकलं की पुढचे संवादही मी जरा सावधपणेच उघडले.

देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र म्हणून देवांना आवडतं, हा पेच मात्र तिथलाच. त्या तोडीचा पेच मला तरी चिनी ग्रंथांत भेटलेला नाही.

कन्फ्यूशियसला एक अधिपती अभिमानाने सांगतो, आमच्याकडचा एक जण इतका सरळ, की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियसचं उत्तर: आमच्याकडे बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं; सरळपणा त्यातच. बस्स, युक्तिवाद नाही. आधी चीडच येते. पण पुढच्यांनी हा विषय सोडला नाही. प्राचीन काळचा आदर्श मानलेला सम्राट शुन, त्याच्या बापाने खून केला तर, असं कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेन्शियसला विचारलं. तो म्हणतो, न्यायाधीशाने बापाला पकडावं आणि शुनने आड येऊ नये. मात्र राज्य फाटक्या वहाणेसारखं टाकून, बापाला पाठीवर घेऊन त्याने पळून जावं. कडक कायद्याची बाजू घेणाऱ्या हान फेइच्या मेंढीच्या गोष्टीत तर साक्ष देणाऱ्या मुलालाच मृत्युदंड होतो, आणि मग गुन्हे कळवायला कोणी पुढेच येत नाही.

तर्काला धार लावायची असेल तर प्लेटोच घ्या, त्यात वाद नाही. पण घरातल्या माणसांचे प्रश्न घेऊन वाचायला बसणार असाल, तर मी मेन्शियस सुचवेन. निदान शुनने बापाला घेऊन कुठे राहायचं, हे तो सांगतो: समुद्रकिनारी.