'वॉर इन द ईस्ट २': लढाई रुळांवरची

नकाशावर रणगाडे दामटत मॉस्को गाठायचं असेल, तर हा गेम घेऊ नका. इथे खरा शत्रू रसद आहे, लाल सैन्याचा नंबर त्यानंतर.

टू बाय थ्री गेम्स या कंपनीचा, गेम-डिझायनर गॅरी ग्रिग्सबींच्या मालिकेतला हा संगणकावरचा युद्ध-गेम २०२१ मध्ये आला. १९४१ च्या जूनपासून जर्मनी-सोव्हिएत युद्ध, एक टर्न (खेळी) म्हणजे एक आठवडा, नकाशावरचा एक षट्कोनी चौकट म्हणजे दहा मैल. सोबतचं मॅन्युअल शेकडो पानांचं. सगळं वाचायची गरज नाही, पण लॉजिस्टिक्सचं, म्हणजे रसदीचं, प्रकरण टाळलंत तर मॉस्कोच्या वाटेवरच्या स्मोलेन्स्कच्या पुढे हाल आहेत.

मी मिरजेचा. आमच्या जंक्शनात एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज (दोन रुळांमधलं अंतर) नांदत होते, आणि एका वाघिणीतला माल दुसरीत भरायला हमालांच्या टोळ्या लागत. त्यामुळे गेज बदलला की काय होतं, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. जर्मन रूळ १४३५ मिलिमीटरचे, सोव्हिएत त्याहून जवळपास नऊ सेंटिमीटर रुंद. सरहद्द ओलांडली की मार्ग जर्मन गेजचा करून घेईपर्यंत जर्मन गाडी पुढे सरकत नाही. त्यासाठी गेममध्ये एफबीडी नावाची रेल्वे-दुरुस्तीची युनिट्स आहेत आणि ती कुठल्या मार्गावर लावायची हे तुम्ही ठरवायचं. माझं मत: मधल्या आघाडीवर ब्रेस्ट-मिन्स्क-स्मोलेन्स्क हा एकच मार्ग धरा आणि फाट्यांचा मोह सोडा.

माल कसा येतो ते थोडक्यात. देशातल्या मूळ पुरवठा-केंद्रातून रेल्वेने डेपोपर्यंत, तिथून ट्रकने युनिटपर्यंत. डेपो आणि रणगाडे यांच्यात अंतर वाढलं की ट्रक झिजतात आणि पुढच्या टर्नला त्याच डिव्हिजनचे मूव्हमेंट पॉइंट (एका टर्नमध्ये किती पुढे सरकता येईल ते) निम्म्यावर आलेले दिसतात. हा हिशेब दोन टर्नच्या मध्ये संगणकच करतो. तुमच्या हातात फक्त प्राधान्य असतं, ० ते ४, डेपोंना आणि मुख्यालयांनाही.

नवे खेळाडू इथेच फसतात: सगळीकडे ४. सगळेच घाईचे म्हटल्यावर घाई कुणाचीच राहत नाही. रुळाच्या टोकाजवळचे एक-दोन डेपो ४ वर, मधले २ वर, मागे पडलेले सरळ ० वर. मुख्यालयांतही ज्या पान्झर (जर्मन रणगाड्यांच्या) गटाला पुढे काढायचंय तेवढ्यालाच ४ द्या. बाकीचे जरा उपाशी राहतील, राहू देत. शिवाय ज्या मार्गाने माल येतोय त्याच मार्गाने डिव्हिजन गाडीत घालून पाठवू नका, रुळांना क्षमतेची मर्यादा आहे.

सुरुवातीची सेटिंग्ज विचाराल तर पहिल्या खेपेला आपल्या बाजूचं 'लॉजिस्टिक्स' १०० वरून ११० करा, 'मोराल'ला (सैन्याच्या मनोधैर्याला) मात्र हात लावू नका. चुकांना थोडी सवलत मिळते आणि लढाई पोरखेळ होत नाही. पूर्ण मोहिमेआधी एखादा छोटा सिनॅरिओ खेळून घ्या.

आता खटकणारं. एखाद्या डेपोत माल का आला नाही, हे गेम एका जागी सांगत नाही. रुळांची स्थिती एका नकाशा-मोडमध्ये, डेपोचा साठा दुसऱ्या खिडकीत, ट्रकची अवस्था तिसरीकडे. इतकं बारकाईने घडवलेलं यंत्र आणि त्याची काच मात्र धुरकट! अक्षरंही बारीक आहेत. लॅपटॉपवर माझे डोळे चुरचुरतात, म्हणून मोठा मॉनिटर हवाच.

पण ऑक्टोबरचा चिखल लागतो, मॉस्को समोर दिसतं आणि पान्झर पेट्रोलसाठी ताटकळत उभे राहतात, तेव्हा हे जे घडलं ते का घडलं, याचा जाब आकडेच देतात. त्यासाठी मी पूर्ण किंमत मोजली आणि सेलची वाट पाहिली नाही. तुम्ही मात्र पाहा; गेम महाग आहे, आणि आठवड्यातून एकच संध्याकाळ मोकळी असेल तर पूर्ण मोहिमेला वर्षही पुरणार नाही.