ठाणे स्टेशन, ‘४८ मेगापिक्सेल’ कॅमकॉर्डर आणि माझे १८,७०० रुपये

“मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला घेतलास?” हे विचारणाऱ्यांनी आधीच गप्प बसावं. ताईच्या मुलाची मुंज होती, मी मामा. हॉलच्या मागच्या बाजूने बटूचा चेहरा टिपायचा तर ऑप्टिकल झूम लागतो. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणणं. फोटोग्राफरचा भाव ऐकून दाजी गार पडले होते. व्हिडिओ आणि फोटो दोन्ही काढणारं एकच यंत्र घ्यावं असं ठरलं, यात वावगं काय?

जाहिरात अशी: ‘फोर-के कॅमकॉर्डर, फोटो ४८ मेगापिक्सेल, जेमतेम वापरलेला, २२,०००.’ घासाघीस करून १७,५०० वर आणला, वर ६४ जीबीच्या कार्डाचे १,२००. त्यातले २,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले १६,७०० हातात वस्तू आल्यावर. भेट ठाणे स्टेशनच्या पुलावर, दहा नंबरकडे उतरतात तिथे. संध्याकाळची वेळ त्यानेच निवडलेली. “दादा, पनवेल गाडी पकडायचीय,” हे आल्यापासून चालू. असल्यांना घाई का असते ते वेगळं सांगायला नको.

त्याने छोट्या स्क्रीनवर फोटो दाखवले. कुणाच्या तरी लग्नातले. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतके स्वच्छ. आणि त्या फोटोंच्या डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या होत्या. मग मी स्वतः बटण दाबून एक फोटो काढला, तो स्क्रीनभर आला. कडेला पट्टीचा मागमूस नाही! एकाच कॅमेऱ्याचे फोटो, त्याचे अरुंद आणि माझा रुंद? मला ते दिसलं होतं हो. “सेटिंग वेगळं असेल का?” इतपत डोक्यातही आलं. तेवढ्यात “बॅटरी उतरतेय” म्हणत त्याने कॅमेरा काढून घेतला. त्याआधी झूम केला होता, तेव्हा समोरचा गाड्यांच्या वेळा दाखवणारा इंडिकेटर चौकोन चौकोन होऊन फुटला. “इथे उजेड कमी आहे ना दादा.” ऑप्टिकल झूममध्ये भिंगं सरकून चित्र मोठं होतं, ते असं फुटत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मुंज दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पाठीमागून माणसं ढकलतायत. गर्दीच्या वेळी त्या पुलावर उभं राहून कॅमेरा तपासून दाखवा, मग मला शहाणपण शिकवा.

मुंजीनंतर सगळं कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा कळलं. ते लग्नाचे फोटो कार्डावर अजून होते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल बघितलं, तर भलताच डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा फोटो कॅमेरा. त्याचे फोटो अरुंद, म्हणूनच त्या काळ्या पट्ट्या. चक्क कॉपी करून टाकलेले! माझे फोटो आकड्याने ४८ मेगापिक्सेलच, पण मोठे केले की बटूच्या तोंडावर नाक शोधावं लागतं. खोक्यावरचा स्टिकर खरवडला तर खाली ‘इंटरपोलेटेड’. म्हणजे सेन्सरने, चित्र टिपणाऱ्या चिपने, टिपले थोडेच पिक्सेल, बाकीचे कॅमेऱ्याने अंदाजाने भरले. नुसता मेगापिक्सेलचा आकडा विचारू नका, सेन्सर केवढा आणि कितीचा ते विचारा. व्हिडिओतून फोटो काढू म्हणाल, तर फुल एचडीची फ्रेम १९२० बाय १०८०, जेमतेम २१ लाख पिक्सेल. फोर-केची सुमारे ८३ लाख. व्हिडिओतून काढलेल्या फोटोत त्याहून जास्त तपशील येणार कुठून?

कार्डाने तर कळस केला. वर छापलेलं ६४ जीबी, आत खरे ८. असल्या कार्डांचा कंट्रोलरच, म्हणजे आतली चिपच, खोटा आकडा सांगतो, भरल्यावरही ‘जागा आहे’ म्हणतो. व्हिडिओ मिनिटाला साधारण १८० एमबी, म्हणजे पाऊण तासात खेळ खलास. मातृभोजन आणि मंगलाष्टकं आली. भिक्षावळीच्या फाइल्स नावाला दिसतात, उघडत एकही नाही. ताई अजून माझ्याशी धड बोलत नाही. कार्ड नवं असो वा जुनं, आधी कार्ड तपासणारा ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चालवून पूर्ण भरून बघा. फुकट आहे.

आता पोलीस साहेबांचं ऐका. रेल्वे स्टेशनातले म्हणाले बाहेर जा, बाहेरचे म्हणाले व्यवहार स्टेशनात झाला. विक्रेत्याने पत्ता कोपरखैरण्याचा सांगितला होता म्हटल्यावर, “मग खाडीपलीकडे जा.” तिथे ऐकवलं, “अहो काका, वस्तू मिळाली ना? मग दिवाणी मामला.” दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचे फोटो या कॅमेऱ्याचे म्हणून दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे मग? हद्दीचं कारण तर निव्वळ टोलवाटोलवी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नाही घेतली तर टपालाने वरिष्ठांना लेखी पाठवा, मी पाठवलंय. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. उरलेले १६,७०० रोख, त्याची पावती कुठाय असं जो तो मलाच विचारतो, जणू चोर मी! यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, तास-दोन तासही घालवायचे नाहीत, हे मला कुणी वेळेत सांगितलं नाही.

रोख देऊ नका. स्टेशनवर भेटू नका. स्वतःचं कार्ड न्या, त्यावर स्वतः फोटो काढा आणि तिथेच लॅपटॉपवर पूर्ण आकारात बघा. विकणारा कुरकुरला तर तिथून निघा.

तीच जाहिरात पुन्हा लागली आहे. कोपरखैरण्याऐवजी कळवा, भाव २१,०००, लग्नाचे फोटो तेच, नथवाली बाईही तीच. मी जाहिरातीखाली तक्रार केली, तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं.