वीस-वीस मण्यांचं अणू-किट: मोजायला चोख, फक्त अरगॉनला दोन मणी कमी

एक गोल तबकडी, मधोमध वाटीसारखा खळगा, भोवती चार वर्तुळं आणि तीन रंगांचे मणी. अणूची रचना शिकवणारी बहुतेक किटं याच साच्यातली. इथे पारखलेल्या किटमध्ये लाल प्रोटॉन २०, करडे न्यूट्रॉन २० आणि आकाराने लहान निळे इलेक्ट्रॉन २० आहेत. वर्तुळांवरची भोकं आतून बाहेर २, ८, ८, २. सोबत पहिल्या २० मूलद्रव्यांची कार्डं आहेत, त्यांवर अणुअंक (प्रोटॉनची संख्या) आणि अणुवस्तुमान छापलेलं.

हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत सगळं जमतं, असा किटचा दावा. प्रत्येक मूलद्रव्याचं निसर्गात सर्वाधिक सापडणारं समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे असे त्याचे प्रकार) घेऊन मणी मोजले, तर क्लोरिनपर्यंत कुठेच अडत नाही. पोटॅशियमला २० न्यूट्रॉन लागतात, कॅल्शियमलाही २०. अडतो तो त्यांच्या आधीचा अरगॉन. त्याला प्रोटॉन १८, पण न्यूट्रॉन २२. वीस मूलद्रव्यं, म्हणून प्रत्येक रंगाचे वीस मणी, असा सोपा हिशेब किट बनवणाऱ्याने केलेला दिसतो आणि तो नेमका एका ठिकाणी फसतो.

ही चूक शिकवणाऱ्याच्या मात्र कामी येते. अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि त्याच्या पुढच्या पोटॅशियमचं ३९.१०. आवर्त सारणीत वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली असती तर पोटॅशियम आधी आला असता आणि सोडियमच्या घराण्यात एक निष्क्रिय वायू जाऊन बसला असता. मूलद्रव्याची जागा ठरवतात ते प्रोटॉन. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापातून अणुअंकाला हा भक्कम आधार दिला. अरगॉन इतका जड का, हेसुद्धा मण्यांनी दाखवता येतं. हवेतला बहुतेक अरगॉन पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून आलेला आहे: केंद्रकातला एक प्रोटॉन अणूतलाच एक इलेक्ट्रॉन पकडतो आणि न्यूट्रॉन होतो. तबकडीवर १९ लाल आणि २१ करडे ठेवा, एक लाल उचलून तिथे करडा ठेवा, एक निळा काढून घ्या. अरगॉन-४० तयार. जास्तीचे मणी नसतील तर १८ न्यूट्रॉनचा अरगॉन-३६ करावा. तोही खरा आहे, फक्त निसर्गात त्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली आहे, हे सांगायला विसरू नये.

कार्डांबाबत तक्रार जास्त गंभीर आहे. माहितीपत्रक सांगतं, अणुवस्तुमानातून अणुअंक वजा करा म्हणजे न्यूट्रॉन मिळतील. क्लोरिनच्या कार्डावर ३५.५ आहे. वजाबाकी येते १८.५, आणि अर्धा मणी कुणाकडेच नसतो. छापलेला आकडा सरासरी आहे. एकेका अणूत न्यूट्रॉन पूर्णच असतात. क्लोरिनच्या दर शंभर अणूंपैकी साधारण ७६ मध्ये १८ न्यूट्रॉन असतात आणि २४ मध्ये २०. कार्डावर सरासरीऐवजी अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज, हवा होता. तोपर्यंत पेनाने प्रत्येक कार्डावर पूर्णांक लिहून घ्यावा. क्लोरिनवर ३५ आणि ३७ दोन्ही लिहा, समस्थानिकांचा धडा तिथेच उरकतो.

दुसरा सापळा बेरिलियमचा. हेलियमला २-२, कार्बनला ६-६, ऑक्सिजनला ८-८ लावून सवय झालेली असते, म्हणून बेरिलियमला हमखास ४-४ लावलं जातं. किट काहीच बोलत नाही, मणी छान बसतात. प्रत्यक्षात बेरिलियम-८ जन्मताच फुटून त्याची दोन हेलियम केंद्रकं होतात. टिकतो तो ४ प्रोटॉन आणि ५ न्यूट्रॉनचा बेरिलियम-९. कोणतं केंद्रक टिकेल आणि कोणतं नाही, याचा एक शब्दही माहितीपत्रकात नाही.

वर्तुळांच्या भोकांवरून हुशार मुलं भांडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. प्रत्येक वर्तुळ म्हणजे इलेक्ट्रॉनांचं एक कवच. पत्रकातलं सूत्र म्हणतं, कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुप्पट करा. तिसऱ्या कवचाला त्याने १८ येतात. तबकडीवर भोकं ८ आहेत. तिसऱ्याची क्षमता १८ हे खरं, पण पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये चौथ्या कवचाचं एस उपकवच (कवचाचा एक भाग) तिसऱ्याच्या डी उपकवचापेक्षा कमी ऊर्जेचं असतं. म्हणून ८ भरल्यावर पुढचे दोन इलेक्ट्रॉन बाहेर जातात आणि तिसऱ्यातली उरलेली जागा स्कँडियमपासून, म्हणजे २१ पासून, भरू लागते. तिसऱ्या वर्तुळावर १८ भोकं असलेली तबकडीही मिळते. ती जास्त अचूक वाटते, पण तिथे पोटॅशियमची मांडणी २, ८, ९ अशी होते आणि त्याची संयुजा (इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) १ का, हे समजावताच येत नाही. नवशिक्यांसाठी आठ भोकांची तबकडीच घ्यावी.

आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, दाखवायला मात्र हे साधन झकास. सोडियमचा बाहेरचा एकुलता निळा मणी उचला: ११ लाल, १० निळे, प्रभार अधिक एक. लाल-निळ्यांची नुसती वजाबाकी. मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पूर्ण मांडायला २८ लाल मणी लागतात, एका किटमध्ये ते होणार नाही. त्याऐवजी लिथियम फ्लुओराइड करा. १२ लाल, १४ करडे, १२ निळे यांत दोन्ही अणू बसतात. दुसऱ्या अणूसाठी जाड पुठ्ठ्यावर दोन वर्तुळं काढली की झालं. लिथियमचा बाहेरचा मणी फ्लुओरिनच्या सातांत जाऊन आठ होतात.

प्रमाणाच्या बाबतीत किटवर अजिबात विसंबू नये. दीड सेंटिमीटरच्या १२ मण्यांचं कार्बनचं केंद्रक साधारण ४ सेंटिमीटर रुंद होतं. त्या मापाने बाहेरचे इलेक्ट्रॉन अर्ध्या किलोमीटरहून दूर हवेत, तबकडीवर ते बोटभर अंतरावर आहेत. वजनाचंही तेच. लाल मणी २ ग्रॅमचा धरला तर निळा जेमतेम १ मिलिग्रॅमचा हवा, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे. आणि इलेक्ट्रॉन ठरलेल्या भोकात बसून नसतो. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

चुंबकवाले मणी टाळा. चुंबकाच्या दिशेनुसार कधी दोन लाल एकमेकांना ढकलतात, ते पाहून प्रोटॉन-प्रोटॉन अपकर्षण दिसलं असं वाटतं. मणी फिरवला की तेच दोघे चिकटतात, आणि करडेही कधीकधी ढकलतात. न्यूट्रॉनला तर प्रभारच नाही. केंद्रक बांधून ठेवणारं प्रबळ बल अत्यंत कमी अंतरावरच चालतं आणि त्याचा चुंबकाशी संबंध नाही. शिवाय एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांच्या दोन भागांतून एकमेकांना खेचून भोक पाडू शकतात. साधे मणी आणि खळग्यात थोडी खेळायची माती, एवढं पुरतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती साधे मणीही नकोत.

बनावट बरी, पण निळ्यांची भोकं उथळ आहेत. मणी ८ मिलिमीटरचा आणि भोक जेमतेम २ मिलिमीटर खोल, त्यामुळे तबकडी उचलली की बाहेरचं कवच रिकामं. भोकात ज्वारीच्या दाण्याएवढी माती दाबली की मणी धरून राहतो. अधिक-उणे चिन्हं छापील आहेत, वापराने पुसतात. कोरलेली मिळाली तर ती घ्यावीत. मागवतानाच सुटे मणी मिळतात का विचारा. करडे दोन जास्त घेतले की अरगॉन आणि पोटॅशियम-४० दोन्ही भागतात; निळे चार-पाच जास्त घ्या, आधी हरवतात ते तेच.