शाडू, कणीक, क्ले, लगदा : लहान मुलांना घडवायला काय द्यावं, काही महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून दर शनिवारी दुपारी आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी बिल्डिंगमधली पोरं जमतात, सगळी तीन ते सहा वर्षांची, आणि हाताने काहीबाही घडवत बसतात, त्यामुळे दुकानात मिळणारं बरंचसं वापरून झालंय. आधीच सांगते, माझं मत मातीच्या बाजूने आहे, शाडू नाहीतर कुंभाराची, आणि ते महिन्यागणिक पक्कंच होत गेलंय.

कारण असं की माती जड असते, गार लागते आणि पोराने जेवढा जोर लावला तेवढीच दबते. तीन वर्षांच्या मुलाला हत्ती-बित्ती करायचा नसतो, त्याला ठोसे मारायचे असतात, बोटं खुपसायची असतात, वळ्या वळायच्या असतात आणि त्यासाठी एकच वस्तू पण भरपूर लागते. आठ रंगांचे चिमूट चिमूट तुकडे दिले की मुलं रंग मिसळू नयेत म्हणून जपत बसतात, किंवा आपणच ओरडतो मिसळू नको म्हणून. त्यापेक्षा प्रत्येकाला किलोभराचा गोळा द्या आणि बाजूला बसा.

शाडू गणपतीच्या आधी सांगली-मिरजेत सहज मिळते, आम्ही तेव्हाच जास्तीची घेऊन ठेवली. बारीक असते, खडे नसतात, हाताला छान लागते. पण वाळताना आकसते आणि जाड भाग तडकतो, म्हणून ठेवायची वस्तू असेल तर आतून पोकळ करा आणि सावलीत वाळवा, उन्हात नको, पंख्याखाली पण नको. शिंगं, कान नुसते दाबून चिकटवले तर वाळल्यावर गळून पडतात, दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे आणि मध्ये त्याच मातीचा पातळ चिखल लावायचा, हे चार वर्षांच्या मुलांना नीट जमतं आणि चिखल लावायचं काम तर त्यांना एवढं आवडतं की बैल राहतो बाजूला.

कुंभाराची माती जास्त चिवट आणि स्वस्त, फक्त घेताना लीद म्हणजे घोड्या-गाढवाचं शेण न घातलेली मागा, कारण भांड्यांच्या मातीत लीद, राख मिसळतात. शेतातली काळी माती दिवाळीच्या किल्ल्याला ठीक आहे पण ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, शिवाय काच-काटा असतो, हातात द्यायची तर चाळूनच. आपल्याकडे मुलांना मातीच्या वस्तू नवीन नाहीत हे मला फार मोलाचं वाटतं, बेंदराला घरात मातीचे बैल येतात, नागपंचमीला नागोबा येतो, त्यामुळे सुरुवात करून द्यावी लागत नाही. एका मुलीने बैल केला तर आधी वशिंड केलं, मग उरलेला बैल. तिने नीट बघितलं होतं!

पसाऱ्याची भीती सगळ्यांनाच असते. हात बादलीत धुवायचे, बेसिनमध्ये नाही, नाहीतर पाइप तुंबतो. वाळलेली माती झाडूने लोटू नका, ओल्या फडक्याने पुसा, बारीक धुळीत सिलिका असते आणि ती छातीत जाणं चांगलं नाही. आणि माती परत वापरायची असेल तर आधी पूर्ण खडखडीत वाळू द्या, मग फोडून पाण्यात टाका, कोरडी माती आपोआप फुटून विरते, अर्धवट ओली मात्र तशीच बसून राहते. झाकणाची एक बादली असली की तीच माती महिनोन् महिने चालते.

मिठाची कणीक आम्ही दुसऱ्या नंबरवर ठेवलीय. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, अंदाजाने पाणी, थोडं तेल. रंगाला हळद, सांगलीत तिला काय कमी, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की पिवळ्याची लालसर होते, ते बघायलाच पोरं गोळा होतात. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दुसऱ्या दिवशी चिकचिक होते. कणीक बघून मुलं खातात, आणि एवढं मीठ पोटात जाणं वाईट, त्यामुळे लक्ष ठेवायलाच लागतं. गव्हाची ॲलर्जी असेल तर तांदळाचं पीठ घ्या, ती जरा भुसभुशीत होते.

दुकानातली तेलकट मोल्डिंग क्ले छोट्या बोटांना कडक पडते. ही मुळात 1897 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी केली, वाळू नये म्हणून, म्हणजे मोठ्या हातांसाठीच. पाच-सहा वर्षांनंतर बारीक कामाला चांगली. हलकी फोम क्ले दिसायला गोड, पण जोर लावायला काही मिळत नाही आणि एकदा वाळली की संपली.

कागदाचा लगदा पाच वर्षांपुढे, रात्रभर भिजवलेली वर्तमानपत्रं, मैद्याची खळ, थोडी मेथीपूड, वाळायला बरेच दिवस लागतात आणि एवढा धीर लहानांना नसतो. थर्माकोल अजिबात नको, त्याचे मणी नाकात, तोंडात जातात. विकतचं काही घेताना खेळणी म्हणून विकलं जात असेल तर आयएसआय मार्क बघा, 1 जानेवारी 2021 पासून तो बंधनकारक आहे.

आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस, तेही हाताचे ठसे घ्यायला, हे बऱ्याच जणांनी मला सुचवलं. कृपा करून नका करू. ते घट्ट होताना तापतं, जाड थरात 60 अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. इंग्लंडमध्ये 2007 साली एका शाळेत 16 वर्षांच्या मुलीने हात असा प्लॅस्टरमध्ये बुडवला आणि तिची बोटं गेली. ठसाच हवा असेल तर मातीचा जाड पोळा थापा आणि त्यावर हात दाबा, पाच मिनिटांचं काम आहे.