बाईकमागचा घडीचा कॅम्पर ट्रेलर: ब्रिटनमध्ये घेणार असाल तर टेप आणि वजनकाटा सोबत न्या

बंद असताना मोठ्या पेटीएवढा. झाकण उलटून उघडलं की दोघांचा पलंग आणि वर कॅनव्हासचा तंबू. होंडा गोल्डविंगसारख्या टूरिंग बाईकमागे असा ट्रेलर शोभतोही. जमिनीपासून उंच झोपायला मिळतं, रात्री कितीही पाऊस झाला तरी पाठीला ओल लागत नाही. एवढ्यापुरते पैकीच्या पैकी गुण. पण पलंग बघून ट्रेलर पसंत करणारे इथेच फसतात.

ब्रिटनमध्ये बाईक १२५ सीसीपेक्षा मोठी हवी. ट्रेलरची रुंदी १ मीटरच्या आत, आणि बाईकच्या मागच्या ॲक्सलपासून ट्रेलरच्या शेवटापर्यंत फार तर २.५ मीटर. सामानासकट वजन १५० किलो किंवा बाईकच्या कर्बसाइड वजनाच्या (पेट्रोल-तेल भरलेलं, पण चालक आणि सामानाविना) दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १८० किलोच्या बाईकला १२० किलोच. २२५ किलोच्या पुढे बाईक कितीही जड असो, १५० वर एक किलोही मिळत नाही. गोल्डविंगवाल्यांना हे पटत नाही, पण गणित तेच आहे.

म्हणून अमेरिकेतून आयात केलेला वापरलेला कॅम्पर स्वस्तात मिळाला तरी आधी मडगार्डसकट रुंदी मोजा. तिकडचे बरेच मॉडेल १ मीटरपेक्षा रुंद असतात आणि रिकामे असतानाच १२० किलोच्या आसपास भरतात. मग गादी, शेगडी, कपडे ठेवायला राहिले ३० किलो. २० लिटर पाण्याचा कॅन घेतला की १० उरले! रिकामं वजन ९० ते ९५ किलोचं असेल तरच या प्रकाराला अर्थ आहे. विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा सुटं चाक आणि गादी धरून आहे की नाही, ते विचारा. शक्यतो काट्यावर घालूनच बघा.

भार किती यापेक्षा तो कुठे ठेवलाय हे महत्त्वाचं. कपलिंगवर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाच्या बाईकला जोडणाऱ्या कपावर, येणारा भार (नोज वेट) एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. १३० किलोच्या ट्रेलरला १३ किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: ट्रेलर समतल, सपाट जमिनीवर, काट्यावर टो-बॉलच्या (बाईकमागचा गोळा, ज्यावर कपलिंग बसतं) उंचीला बसेल असा लाकडी ठोकळा, त्यावर कपलिंग टेकवा. भार कमी पडला, म्हणजे जड सामान ॲक्सलच्या मागे गेलं, की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा ब्रेक दाबू नका, थ्रॉटल हळूहळू सोडा. भार जास्त झाला तर बाईकचं पुढचं चाक हलकं पडतं, कारण टो-बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो.

ट्रेलरच्या पुढच्या, बाईककडे जाणाऱ्या दांड्यावर बर्फाची पेटी ठेवायचा स्टँड ही दिसायला सोय, प्रत्यक्षात डोकेदुखी. ॲक्सलपासून कपलिंग १.५ मीटरवर असेल आणि २० किलोची पेटी ॲक्सलच्या १ मीटर पुढे ठेवली, तर नोज वेट एकदम १३ किलोंनी वाढतो. बर्फ वितळून पाणी ओतलं की तो पुन्हा बदलतो. पेटी आत, ॲक्सलच्या वर ठेवा.

कपलिंग स्विव्हल (दांड्याभोवती गोल फिरणारा सांधा) असलेलंच घ्या, इथे काटकसर नको. साध्या कपात बॉल एका मर्यादेपर्यंतच तिरका होतो. त्यापुढे बाईक झुकली की कप अडतो आणि वळणात ट्रेलरचं एक चाक उचललं जातं. स्विव्हलमुळे बाईक मोकळेपणी झुकते, आणि उभी असताना आडवी झालीच तर ट्रेलरला सोबत ओढत नाही. मात्र त्याचं बुश (सांध्यातलं आतलं कडं) झिजतं. कपलिंग हातात धरून वर-खाली हलवा, खट् वाजलं तर बुश बदला. कपलिंग सुटलं तर धरायला साखळी किंवा केबल हवीच.

चाकं ८ इंची की १२ इंची? १२ इंची. ताशी १०० किलोमीटरला ८ इंची चाक मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेतं, १२ इंची साधारण १,०००. बेअरिंग तेवढंच कमी तापतं. पहिल्या ३० किलोमीटरनंतर थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर नट जास्त आवळलाय किंवा ग्रीस संपलंय. सस्पेन्शनमध्ये रबर टॉर्शन ॲक्सल (आतल्या रबराच्या पिळावर धक्के झेलणारा) बरा. जड भारासाठी बनवलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर हलका ट्रेलर नुसता उड्या मारतो. शिवाय बाईकने खड्डा चुकवला तरी ट्रेलरचं एक चाक त्यात जाऊ शकतं, कारण ते तुमच्या रेषेत चालतच नाही.

वायरिंग बाईकच्या हार्नेसला (मूळ वायरजोडणीला) सरळ जोडून देणारा फिटर टाळा. रिले (ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीतून वेगळी वीज देणारा स्विच) आणि एलईडी दिवे लावून घ्या. बाईकचाच नंबर ट्रेलरवर हवा आणि मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर.

गोल्डविंगच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर जोडू नका असंच बजावलंय, टोबार (टो-बॉल बसवायची चौकट) मिळतो तो इतर कंपन्यांचा. तेव्हा विमा कंपनीकडून लेखी होकार घ्या. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मर्यादा ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे (दुभाजक असलेला रस्ता) आणि मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य.

कॅम्पसाइटवर पोचल्यावर आधी चाकांना ठोकळे, मग कपलिंग सोडायचं. कोपऱ्यांचे चार जॅक फक्त टेकवायला असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचललात तर चौकट पिळवटते आणि झाकण बसेनासं होतं. रिव्हर्सच्या भानगडीत पडू नका, एवढा आखूड ट्रेलर क्षणात आडवा होतो. सोडून हाताने ढकला. ओला कॅनव्हास घडी करून निघावं लागलंच तर घरी पोचल्याबरोबर उघडून वाळवा. दोन दिवस तसाच राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.