सहीची काताना की प्रमाणपत्राची वाकिझाशी?

जपानी तलवारींचा संग्रह नव्याने सुरू करणाऱ्यापुढे, हाताशी बेताची रक्कम असेल तर, बहुधा दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे नाकागोवर, म्हणजे मुठीत दडलेल्या पात्याच्या बुंध्यावर, नामवंत लोहाराची सही असलेली, परंतु प्रमाणपत्र नसलेली काताना, म्हणजे लांब तलवार. दुसरा म्हणजे बिनसहीची, परंतु निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या संस्थेचे ‘होझोन’ (जतन करण्याजोगी) प्रमाणपत्र मिळालेली वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार. नोकरीनिमित्त टोकियोत राहत असताना मी आधी काताना घेतली, दोन वर्षांनी ती तोटा सोसून विकली आणि मग वाकिझाशी घेतली. तेव्हा माझे मत अगदीच तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

कातानाचे आकर्षण मी नाकारणार नाही. दोन शाकूंहून, म्हणजे 60.6 सेंटिमीटरांहून लांब पाते हातात आले की त्याचा बाक आणि तोल जसा जाणवतो, तसा आखूड पात्यात जाणवत नाही. शिवाय सही. माझ्या कातानावर ओसाफुनेच्या योसोझाएमोन नो जो सुकेसादाची सही होती. सोळाव्या शतकात बिझेन प्रांतातील ओसाफुने गावी सुकेसादा हे नाव लावणारे लोहार पुष्कळ होते. घाऊक मालावर ते ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढेच कोरीत आणि खास मागणीच्या पात्यावर स्वतःच्या व्यक्तिनामासह लांबलचक सही करीत. भाव या लांब सहीला येतो, आणि म्हणूनच खोटी सहीही बहुधा तीच कोरली जाते.

माझी सही खोटी होती, असे मी आजही ठामपणे म्हणणार नाही. भिंगाखाली पाहता काही अक्षरांच्या खाचांतील गंज आजूबाजूच्या गंजापेक्षा किंचित फिकट आणि लालसर वाटे. दिवा थोडा हलवला की वाटत नसे. खरा जाच निराळाच होता. तलवार पाहायला येणारा प्रत्येक जाणकार पात्यावरून ओझरती नजर फिरवी आणि लगेच पितळी हातोडीने मेकुगी, म्हणजे मूठ पात्याला धरून ठेवणारी बांबूची खुंटी, काढून मूठ उतरवी. मग तो नाकागो उजेडाकडे धरून दातांतून हवा आत ओढी, ‘हं’ म्हणे आणि गप्प बसे. पुढे पुढे मीही तेच करू लागलो. रात्री जेवण झाले की मूठ काढायची, भिंग घ्यायचे आणि त्याच अक्षरांवर डोळे ताणायचे. बांबूची ती खुंटी इतक्यांदा निघाली की सैल होऊन नवी करून घ्यावी लागली, पण धारेवरचे पाणी, म्हणजे धारेलगत दिसणारी हामोन ही नक्षी, निवांतपणे पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही. तलवार त्या संस्थेकडे परीक्षणाला पाठवणे हा उपाय होताच. परंतु सही नापसंत झाल्यास ती घासून काढून, पाते बिनसहीचे करून पुन्हा पाठवावे, असे एका विक्रेत्याने ज्या सहजतेने सुचवले, त्याने माझे मनच उडाले.

नोंदणीपत्राबाबत एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळणाऱ्या तोरोकुशोवर, म्हणजे या नोंदणीपत्रावर, लांबी, बाक, खुंटीची छिद्रे आणि सहीचा मजकूर असतो; तो मजकूर दिसला तसा उतरवलेला असतो, सही अस्सल असल्याची ती ग्वाही नव्हे. मला तो कागद दाखवून सहीची खात्री देण्यात आली होती, आणि मी ती मानली.

वाकिझाशीच्या प्रमाणपत्रात ‘मुमेइ, सुए-सेकी’ एवढाच निर्णय आहे: सही नाही, मुरोमाची काळाच्या (1336–1573) उत्तरार्धातील, मिनो प्रांतातल्या सेकी गावचे काम. पाहायला सहीच नसल्यामुळे पात्याकडे पाहणे भाग पडले. हामोनमध्ये मधूनच टोकदार होणारे गुनोमे, म्हणजे लाटांसारखे उंचवटे, पोलादावर श्वास सोडल्यासारखी पांढुरकी छटा आणि टोकाशी वळताना जिझो बोधिसत्त्वाच्या डोक्यासारखी दिसणारी बोशी, म्हणजे टोकावरचा हामोन. मिनो परंपरेची ही लक्षणे पुस्तकात कितीही वाचली तरी मला समजली ती या पात्यावरच. ओळख परेडीसारख्या कान्तेइच्या, म्हणजे पाते पाहून ते कोणाचे हे ओळखण्याच्या, बैठकीतही नाकागो झाकूनच पाते हाती देतात, हे तेव्हा विशेष पटले.

वाकिझाशीत उणिवा आहेत. विकताना बिनसहीच्या आखूड पात्याला गिऱ्हाईक सावकाश मिळते, आणि प्रमाणपत्र हेही शेवटी जाणकारांचे मतच असते. त्यातही कागद 1982 नंतरच्या पद्धतीचा आहे ना, हे अवश्य पाहावे; त्याआधीच्या हिरव्या कागदांवर बाजारात फारसा विश्वास ठेवला जात नाही. ज्यांना सहीचा शोध हाच छंद वाटतो, किंवा ज्यांच्याजवळ अस्सल सह्यांचे ठसे ताडून पाहण्याइतका अनुभव आहे, त्यांनी कातानाचा विचार जरूर करावा. मी मात्र पुन्हा करणार नाही. वाकिझाशीची मूठ आता तेल बदलण्यापुरतीच निघते, आणि तिची मेकुगी अजून पहिलीच आहे.