प्लगमध्ये लावायचा वीजमीटर: घ्यावा, पण एकट्याने नको

सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये फ्रिजचा प्लग, एवढीच जोडणी. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला प्रत्यक्ष वॅटचा हिस्सा) आणि एकूण युनिट आळीपाळीने दिसतात. हा डबा वीज वाचवत नाही. कोणत्या सवयीने खरंच वीज वाचते आणि कोणती नुसती मनाची समजूत आहे, तेवढं मात्र तो चोख सांगतो.

मोबाइलचा चार्जर घ्या. फोन न जोडता नुसता लटकत असेल, तर हल्लीचा चार्जर बहुधा ०.१ ते ०.३ वॅट घेतो. वर्षभराचा हिशेब तीन युनिटच्याही आत. सेट-टॉप बॉक्सचं तसं नाही. रिमोटने ‘बंद’ केल्यावरही त्यातले बरेच १० वॅटच्या आसपास ओढत राहतात. १० वॅट अखंड वर्षभर म्हणजे ८७.६ युनिट. चार्जर काढायला विसरल्यावरून घरात वाद घालण्यापेक्षा रात्री बॉक्सचं भिंतीवरचं बटण बंद करणं कितीतरी फायद्याचं. रेकॉर्डिंग लावलेलं असेल तर ते होणार नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

सगळ्यात जास्त गफलत फ्रिजच्या बाबतीत होते. कॉम्प्रेसर चालू असताना पडद्यावर १२० वॅट दिसतात. लोक त्याला २४ तासांनी गुणतात आणि जवळजवळ तीन युनिट काढून मोकळे होतात. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. शिवाय फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधून थोडाच वेळ लागतो, पण तेवढ्यात वॅट एकदम वर जातात. त्यामुळे वॅट बघूच नका. युनिटचा आकडा शून्यावर आणा, मीटर ४८ तास तसाच राहू द्या आणि आलेल्या आकड्याला दोनने भागा. मग थर्मोस्टॅट एक घर कमी गारव्यावर आणून पुन्हा ४८ तास. दोन्ही वेळा हवामान साधारण सारखं हवं, नाहीतर उन्हाळ्याचा दोष थर्मोस्टॅटच्या माथी जातो. फरक कळल्यावर दाराचं रबर तपासावं: दारात कागद अडकवून ओढायचा, सहज निसटला तर त्या जागी गारवा गळतोय.

किटलीचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ०.०८७ युनिट लागतात. किटली आणि हवेत जाणारी उष्णता धरून मीटर ०.१ च्या आसपास दाखवतो. एका कपासाठी लिटरभर पाणी उकळलं तर यातली बहुतेक वीज फुकट जाते. पण ज्या मीटरवर दशांश एकच घर आहे, त्यावर हे मोजता येणार नाही. निदान दोन घरं असलेलाच घ्या.

आता खोड्या. स्वस्त मीटर २ वॅटच्या खाली बेभरवशाचे असतात, काही तर सरळ शून्य दाखवतात. एकाच जातीची छोटी उपकरणं, एकूण आकडा २ वॅटच्या वर जाईल इतकी, एक्स्टेंशन बोर्डावर एकत्र लावून मोजायची आणि भागाकार करायचा. आकडा निदान अंदाजाला येतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हेही गृहीत धरू नका. पॉवर फॅक्टर ०.५ असलेला एलईडी दिवा गुणाकारात १८ दाखवेल, प्रत्यक्षात ९ वॅट घेईल. वॅटचा वेगळा आकडा न दाखवणारा मीटर घेऊच नये.

मागे छापलेला कमाल अँपिअरचा आकडा वाचल्याशिवाय हीटर, गीझर लावू नका. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट, पण काही मीटर १० अँपिअरलाच थांबतात. पिना सैल बसत असतील तर तिथेच तापतं. दहा मिनिटांनी हात लावून बघा, प्लग गरम लागला तर आधी वीज बंद करा, मगच काढा. छताचा पंखा आणि थेट वायरिंगवरची उपकरणं यावर मोजता येत नाहीत, हा मोठाच तोटा.

वायफायवाला मीटर घेण्यात फारसा अर्थ नाही. ॲपवरचा आलेख छान दिसतो, पण ते यंत्र स्वतःच कायम वॅटभर वीज खातं. साध्या मीटरची आठवण जपणारा बटण सेल बदलता येतो ना, हे मात्र घेण्याआधी बघा. काहींमध्ये बॅटरी आत डकवलेली असते. ती गेली की वीज जाताच आकडे पुसले जातात आणि धडधाकट मीटर ई-कचऱ्यात.

घर मोजून व्हायला दोन आठवडे पुरतात, नंतर तो कपाटातच पडतो. चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावा. पुढच्या घरी देण्याआधी आकडे कागदावर उतरवून घ्या, कारण रीसेटचं बटण बहुतेक वेळा भलत्याच सहजपणे दाबलं जातं.